कोरेगाव परिसरातील गोतसभा

मराठेशाहीत सातारा-कोरेगाव भागात पाटीलकीचा, शिवेचा किंवा भाऊबंदांच्या वाटणीचा तंटा उभा राहिला की तो गोतसभेपुढे येई. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी यांच्याबरोबर बलुतेदारही तिथे बसत. शिवेच्या वादात महाराच्या साक्षीला मोठे वजन असे, कारण शीव राखणे हे त्याचेच काम होते.

सुनावणीआधी दोन्ही पक्ष निवाडा मान्य करण्याचा राजीनामा, म्हणजे संमतिपत्र, आणि जामीन देत. मग प्रत्येकाची तकरीर, म्हणजे जबानी, लिहून घेतली जाई, कागद आणि साक्षी तपासल्या जात. गावचे गोत आपल्या विरोधात आहे असे वाटल्यास तिऱ्हाईत थळ मागता येई आणि वाद परगावच्या गोताकडे जाई. एकाकी पडलेल्या माणसाला एवढा आधार देणारी ही तरतूद या रीतीतली सर्वांत शहाणपणाची.

महजरावर, म्हणजे निकालाच्या कागदावर, हजर असलेल्यांच्या निशाण्या उठत: पाटलाचा नांगर आणि इतरांची आपापल्या धंद्याची अवजारे. हरलेला येजितखत लिहून देई, म्हणजे आपला दावा खोटा ठरल्याची कबुली. त्यामुळे मतभेद मनात कुजत न राहता कागदावर येऊन मिटे, आणि दोघांनाही पुन्हा एकाच शिवारात नांदता येई. मात्र पुरावा अपुरा पडला की कधी रवादिव्यही, म्हणजे उकळत्या तेलातुपात हात घालणे, करावे लागे. ती क्रूरताच होती. बायकांचा आवाजही सभेत क्वचितच पोहोचे.

ब्रिटिश अधिकारी एल्फिन्स्टनने १८१९च्या अहवालात असे तंटे सोडवणाऱ्या पंचायतीचे दोष नोंदवले, तरी ती टिकवावी असेच सुचवले. पुढे दिवाणी कोर्टांनी तिची जागा घेतली.

तरी गावातच न्याय देण्याची कल्पना या भागात पुन्हा दिसली. कोरेगाव तालुक्यातील किन्हई हे पंतप्रतिनिधी घराण्याचे मूळ गाव. त्यांच्या औंध संस्थानाने १९३९च्या राज्यघटनेने गावोगावी निवडून आलेल्या पंचायती स्थापल्या आणि न्यायदान गावाच्या दारी नेले. लगेच पुढच्या काळात, १९४३ ते १९४६, नाना पाटलांच्या प्रतिसरकारची, म्हणजे ब्रिटिश सत्तेविरुद्ध उभारलेल्या समांतर सरकारची, न्यायदान मंडळे सातारा जिल्ह्यात गावकऱ्यांसमोर तंटे सोडवत होती. सांगलीचा आजचा बराच भाग तेव्हा त्याच जिल्ह्यात होता.

त्याच सांगलीचे, राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने २००७ मध्ये महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. ग्रामसभेने निवडलेली समिती दोन्ही बाजू ऐकून समेट घडवू लागली. तंटे मिटवणाऱ्या गावांना शासन पुरस्कार देऊ लागले. तिऱ्हाईत थळाची जुनी सोय मात्र या मोहिमेत आली नाही.