बंदूकवाल्यांची लेखणी

अमेरिकेच्या राज्यघटनेला १७९१ साली दहा दुरुस्त्या जोडण्यात आल्या. त्यांतली दुसरी साऱ्या जगाला ठाऊक आहे. शस्त्र बाळगण्याच्या लोकांच्या हक्काला बाध येऊ नये, असे ती सांगते. परंतु तिच्याआधी पहिली दुरुस्ती आहे, आणि तिच्या अखेरीस एक साधे कलम आहे. लोकांनी शांततेने एकत्र जमावे आणि आपल्या गाऱ्हाण्यांसाठी सरकारकडे अर्ज करावा, या हक्कावर संसदेने गदा आणू नये, असे ते कलम आहे. बंदुकीचा विषय निघाला की पंडित दुसऱ्या दुरुस्तीचा कीस काढतात. मला मात्र असे दिसते की, अमेरिकेतल्या बंदूकमालकांनी जे मिळवले ते बहुतांशी पहिल्या दुरुस्तीच्या बळावर मिळवले. बंदूक कपाटातच राहिली. लढली ती लेखणी, पाकिटावरचे तिकीट आणि वर्गणीची पावती.

ज्याचे आयुष्य युनियनच्या कामात गेले त्याने बंदुकीच्या कायद्यावर काय बोलावे, अशी शंका काहींच्या मनात येईल. पण हा इतिहास बंदुकीचा कमी आणि संघटनेचा अधिक आहे. त्यातली हत्यारे माझ्या परिचयाची आहेत: सभासदांची यादी, मुखपत्र, निवेदन, वार्षिक सभा आणि घटनेची पोटकलमे. तीच हत्यारे एका अगदी वेगळ्या कामासाठी कशी चालली, हे पाहण्यासारखे आहे.

आधी आपल्या घरचे थोडे आठवू. लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत १८७८ साली हिंदुस्थानात शस्त्रांचा कायदा झाला. हिंदी माणसाला परवान्याशिवाय शस्त्र बाळगता येईना, आणि गोऱ्यांना मात्र त्यातून सूट. राष्ट्रीय सभेने १८८७ च्या मद्रास अधिवेशनापासून या कायद्याविरुद्ध ठराव केले. ठराव रास्त होते, भाषा सभ्य होती, पण त्यांच्यामागे मत नव्हते. ज्या अधिकाऱ्याकडे अर्ज जाई, त्याला अर्जदाराच्या दाराशी कधी मते मागायला यावे लागत नसे. म्हणून अर्ज फायलीत पडून राहिले. आज आपल्याकडे १९५९ चा कायदा आहे, आणि परवान्याविना बंदूक नाही ही गोष्ट आपण गृहीतच धरतो. अमेरिकेत उलट स्थिती होती. तेथे अर्जदार हाच मतदार होता. एवढ्या एका फरकाने पुढचा सारा इतिहास घडला.

यादवी युद्धात उत्तरेकडील शिपायांची नेमबाजी फारच सुमार ठरली. हे शल्य मनात धरून त्या सैन्यातील दोन माजी अधिकाऱ्यांनी, विल्यम चर्च आणि जॉर्ज विंगेट यांनी, १८७१ साली न्यूयॉर्कमध्ये ‘नॅशनल रायफल असोसिएशन’ स्थापन केली. हेतू नेमबाजी शिकवण्याचा. राजकारणाशी तिचा संबंध नव्हता. पुढची साठ वर्षे ही संस्था चांदमारीची मैदाने, स्पर्धा आणि पदके यांतच रमली.

मग दारूबंदीचा काळ आला. गुंडांच्या टोळ्या मशीनगनने एकमेकांना टिपू लागल्या. शिकागोत १९२९ च्या फेब्रुवारीत एका गॅरेजमध्ये सात जणांना भिंतीशी उभे करून मारले गेले. रूझवेल्ट सरकारने १९३४ साली विधेयक आणले. त्याच्या मूळ मसुद्यात मशीनगनबरोबर पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर यांचीही नोंदणी होती. येथे नेमबाजांची संस्था प्रथमच जागी झाली. सभासदांना आणि संलग्न क्लबांना कळवण्यात आले की, तुमच्या प्रतिनिधीला लिहा, तार करा. समितीपुढे संस्थेचे अध्यक्ष कार्ल फ्रेडरिक यांची साक्ष झाली. हे गृहस्थ १९२० च्या ऑलिंपिकमध्ये नेमबाजीची सुवर्णपदके मिळवलेले. समितीतले सभासद साक्ष ऐकत असताना त्यांच्या टेबलावर गावोगावच्या तारा येऊन पडत होत्या. परिणाम असा झाला की, पिस्तूल-रिव्हॉल्व्हर मसुद्यातून गळाले. मशीनगन, आखूड नळीच्या बंदुका आणि आवाज दाबणारी नळकांडी यांवर २०० डॉलरचा कर बसला, आणि कायदा तेवढ्यावरच थांबला.

या पहिल्या विजयाने संस्थेला एक गोष्ट शिकवली. प्रतिनिधिगृहाच्या सभासदाला दर दोन वर्षांनी निवडणुकीला उभे राहावे लागते. त्याच्या कचेरीत येणारी डाक कारकून वेगळी करतात. मतदारसंघाबाहेरचे पत्र बाजूला पडते, मतदारसंघातले मोजले जाते. छापील मजकुराखाली नुसती सही केलेले पत्र हलके, आणि स्वतःच्या अक्षरात स्वतःचे गाव, धंदा, अनुभव लिहिलेले पत्र जड. आपल्याकडे ज्यांनी कधी मंत्र्याकडे निवेदन नेले असेल त्यांना हे सांगायला नको. हजार सह्यांचा कागद मंत्रिमहोदय चिटणिसाच्या हाती देतात, पण आपल्याच तालुक्यातील पन्नास जणांची पन्नास पत्रे आली तर विचारतात, “हे प्रकरण काय आहे?”

२२ नोव्हेंबर १९६३ रोजी अध्यक्ष केनेडी यांचा खून झाला. ज्या रायफलीने तो झाला ती टपालाने मागवलेली होती. तिची जाहिरात याच संस्थेच्या मुखपत्रात आली होती. टोपणनावाने मागणी केली, एकवीस डॉलर आणि काही सेंट पाठवले, आणि रायफल हाती. सिनेटर थॉमस डॉड यांनी टपालाने शस्त्रे विकण्यावर बंधन घालणारे विधेयक आधीच आणले होते. खुनानंतर ते झटक्यात मंजूर व्हावे, असे कोणालाही वाटेल. पण पाच वर्षे ते रखडले. १९६५ साली संघटनेने सभासदांना पत्र पाठवून विधेयकाविरुद्ध लिहिण्याचे आवाहन केले आणि संसदेत पत्रांचा पाऊस पडला. त्या आवाहनात विधेयकाचे वर्णन विपर्यस्त होते, असा डॉड यांचा आरोप होता.

गंमत अशी की, लोकमत या काळात बंदूकवाल्यांच्या बाजूने नव्हते. बंदूक घेण्यापूर्वी पोलिसांचा परवाना असावा का, असे गॅलप संस्थेने १९५९ साली विचारले तेव्हा शेकडा ७५ लोकांनी होय म्हटले होते. पण होय म्हणणारे होय म्हणून घरी गेले. नाही म्हणणाऱ्यांनी कागद पुढे ओढला.

अखेर १९६८ साली एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि जूनमध्ये रॉबर्ट केनेडी यांचे खून झाले. त्या उन्हाळ्यात प्रथमच दुसऱ्या बाजूच्या पत्रांचा लोंढा आला, आणि ऑक्टोबरमध्ये कायदा झाला. टपालाने बंदूक मागवणे बंद झाले. पण नोंदणी आणि परवाना या दोन्ही गोष्टी त्यात नव्हत्या. सही करताना अध्यक्ष जॉन्सन यांनी त्याबद्दल उघड खेद व्यक्त केला. शोकाने लिहिलेली पत्रे शोक ओसरताच थांबली. वर्गणी भरणाऱ्यांची पत्रे थांबली नाहीत.

याच सुमाराची एक घटना मला फार बोलकी वाटते. कॅलिफोर्नियात ‘ब्लॅक पँथर’ पक्षाचे काळे तरुण भरलेल्या बंदुका उघड्यावर घेऊन पोलिसांवर नजर ठेवीत. तेव्हाच्या कायद्याने ते चालत होते. ते बंद करणारे विधेयक आले, तेव्हा २ मे १९६७ रोजी हे तरुण बंदुकांसह सॅक्रामेंटोच्या विधानभवनात शिरले. विधेयक अधिकच कडक झाले, आणि राज्यपाल रोनाल्ड रीगन यांनी त्यावर सही केली. बंदूकमालकांची मोठी संघटना या बंदूकमालकांच्या बाजूने उभी राहिली नाही. जे बंदूक घेऊन विधानभवनात गेले ते हरले, ज्यांनी पाकीट पाठवले ते जिंकले, असे म्हणण्याचा मोह होतो. पण तेवढे म्हणून भागणार नाही. त्या तरुणांनी पत्रे लिहिली असती, तर ती गोऱ्या शेतकऱ्याच्या पत्राइतकी जड ठरली असती का? अर्जाचा हक्क घटनेत सर्वांना सारखा असतो; अर्जाचे वजन मात्र अर्जदाराच्या रंगावरून आणि पैशावरून ठरत आले आहे. आपल्याकडे जातीवरूनही ठरते.

आता मी त्या रात्रीकडे वळतो, जी प्रत्येक संघटनेच्या कार्यकर्त्याने अभ्यासावी. १९७६ पर्यंत संघटनेच्या नेत्यांना राजकारणाचा कंटाळा आला होता. मुख्य कचेरी वॉशिंग्टनहून उचलून कोलोरॅडोला न्यायची आणि शिकार, निसर्ग, सहली यांकडे लक्ष द्यायचे, असा बेत ठरला. एका शनिवार-रविवारात सत्तराहून अधिक नोकरांना घरी पाठवण्यात आले. त्यांत राजकीय लढ्याची बाजू घेणारे बरेच होते. राजकीय विभागाचे प्रमुख हार्लन कार्टर यांनीही राजीनामा दिला.

२१ मे १९७७ रोजी ओहायो राज्यातील सिनसिनाटी येथे वार्षिक सभा भरली. कार्टर, नील नॉक्स आणि त्यांचे सोबती तयारीने आले होते. नारिंगी टोप्या घातलेले त्यांचे माणूस सभागृहाच्या कोपऱ्याकोपऱ्यात वॉकी-टॉकी घेऊन उभे. कोणी कधी बोलायचे, कोणी कोणती दुरुस्ती मांडायची, कोणी मुद्दा उपस्थित करायचा, सारे ठरलेले. हजाराहून अधिक सभासद रात्रभर जागेवरून हलले नाहीत. सभा दुसऱ्या दिवशी पहाटे साडेतीनच्या पुढे संपली. तोवर घटनेची पोटकलमे बदलली होती, कचेरी वॉशिंग्टनलाच राहणार होती, मुख्य कार्यकारी पदाधिकारी सभासदांनी निवडायचा असे ठरले होते, आणि त्या पदावर कार्टर निवडूनही आले होते. ना दगड पडला, ना खुर्ची फेकली गेली. पोटकलमांचे पुस्तक ज्यांनी वाचले होते ते जिंकले.

त्यानंतर संघटना वाढत गेली. त्या वेळी सुमारे दहा लाख असलेले सभासद ऐंशीच्या दशकात तिप्पट झाले. शाळेतल्या प्रगतिपुस्तकाप्रमाणे प्रत्येक उमेदवाराला मतदानापूर्वी श्रेणी मिळू लागली. बंदूकमालकांना सवलती देणारे विधेयक प्रतिनिधिगृहाच्या समितीच्या अध्यक्षांनी दाबून ठेवले, तेव्हा ४३५ पैकी २१८ सभासदांच्या सह्या मिळवून ते समितीबाहेर ओढून काढण्यात आले. १९८६ च्या मे महिन्यात त्यावर सही झाली. सही करणारे अध्यक्ष रीगनच, ज्यांनी १९६७ साली दुसऱ्या प्रकारच्या कायद्यावर सही केली होती.

दुसरी बाजू स्वस्थ होती असे नाही. १९८१ साली रीगन यांच्यावर झालेल्या हल्ल्यात त्यांचे वृत्तसचिव जेम्स ब्रॅडी डोक्यात गोळी लागून जन्माचे अपंग झाले. त्यांच्या पत्नी सारा यांनी संसदेचे उंबरठे झिजवले. १९८७ साली प्रथम आलेले विधेयक १९९३ च्या नोव्हेंबरात कायदा झाले, आणि परवानाधारक दुकानातून पिस्तूल घेणाऱ्याची पार्श्वभूमी तपासणे सक्तीचे झाले. पण १९९४ साली लष्करी धाटणीच्या रायफलींवर दहा वर्षांची बंदी आली, आणि त्याच नोव्हेंबरच्या निवडणुकीत ती मंजूर करणाऱ्यांपैकी अनेक जण पडले. प्रतिनिधिगृहाचे सभापती टॉम फोली यांचाही पराभव झाला. २००४ साली बंदीची मुदत संपली आणि ती पुन्हा आली नाही.

१४ डिसेंबर २०१२ रोजी कनेटिकट राज्यातील एका प्राथमिक शाळेत वीस मुले आणि सहा शिक्षक-कर्मचारी मारले गेले. बंदूक घेणाऱ्या अधिक लोकांची तपासणी व्हावी, याला दहांतले नऊ अमेरिकन अनुकूल होते. तरी १७ एप्रिल २०१३ रोजी सिनेटमध्ये ५४ विरुद्ध ४६ अशी मते पडली, आणि ६० लागत असल्याने सूचना बारगळली. प्यू संशोधन केंद्राची २०१७ ची पाहणी या कोड्याचा उलगडा करते. बंदुकीच्या धोरणाबद्दल कधीतरी सरकारी वा निवडून आलेल्या अधिकाऱ्याशी संपर्क साधला, असे सांगणारे बंदूकमालकांत शेकडा २१ निघाले आणि बंदूक नसलेल्यांत शेकडा १२. पाहणीत मत दिले की मत नोंदले जाते. प्रतिनिधीला मत कळवले की मत भीतीच्या वा आशेच्या रूपाने त्याच्या पोटात जाते.

पण त्या शाळेतील हत्याकांडानंतर काही आयांनी हा धडा गिरवायला घेतला. राज्याराज्यांत शाखा काढल्या, लाल सदरे घालून त्या प्रत्येक समितीच्या बैठकीला हजर राहू लागल्या. २०२२ साली टेक्सासमधील युव्हाल्डीच्या शाळेत एकोणीस मुले आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या, आणि महिन्याभरात दोन्ही पक्षांच्या मतांनी कायदा झाला. तो मर्यादित आहे, परंतु जवळजवळ तीस वर्षांतला या विषयावरचा पहिला मोठा कायदा आहे.

आणि ती जुनी संघटना? १९७७ च्या रात्री सभासदांनी हाती घेतलेली मुख्य अधिकाऱ्याची निवड पुढे पुन्हा संचालक मंडळाकडे गेली. १९९१ साली मंडळाने वेन लापिएर यांना निवडले आणि ते तीस वर्षांहून अधिक काळ त्या खुर्चीवर राहिले. २०२४ च्या जानेवारीत त्यांनी राजीनामा दिला. पुढच्याच महिन्यात न्यूयॉर्कच्या ज्यूरीने संघटनेच्या पैशाच्या गैरवापराबद्दल त्यांना जबाबदार धरले. देशभरच्या आमदार-खासदारांवर पहारा ठेवणाऱ्या सभासदांनी स्वतःच्या कचेरीवर पहारा ठेवला नाही. युनियनमध्ये काम करणाऱ्यांनी हे वाक्य भिंतीवर लिहून ठेवावे.

त्यांच्या मागण्या मला मान्य नाहीत, हे उघडच सांगतो. मेलेल्या मुलाचे नाव कोणत्याही सभासदयादीत नसते आणि त्याचे पत्र कोणाच्या टेबलावर येत नाही. ते पत्र जिवंतांनी लिहायचे असते. पण बंदूकमालकांनी लोकशाहीवर दरोडा घातला, असे म्हणणे खोटे होईल. त्यांनी लोकशाही वापरली. इतरांनी ती वापरायची सोडून दिली होती, आणि रिकाम्या खुर्च्या असलेल्या सभेत हजर असणाऱ्यांचाच ठराव मंजूर होतो.

आपल्या गावात पाणी, रस्ता, दवाखाना, गिरणीची जमीन यांबद्दल प्रत्येकाचे मत ठाम आहे. ते मत गेल्या वर्षभरात आपल्या नगरसेवकाला वा आमदाराला आपल्या अक्षरात लिहून कळवले, असे या सभागृहात किती जण सांगू शकतील? ज्यांचे हितसंबंध गुंतलेले आहेत ते लिहितात. दर महिन्याला लिहितात. आपण लिहीत नाही, म्हणून आपल्या नावाने तेच बोलतात.