अंगावर चढलेले मूठभर मांस : वऱ्हाड, औंध आणि घरचा नमस्कार

मूर्तिजापूर हे मुंबई–नागपूर लोहमार्गावरचे वऱ्हाडातील गाव. अचलपूर आणि यवतमाळकडे जाणाऱ्या अरुंद मापाच्या गाड्या इथूनच सुटत. १८९९-१९०० च्या दुष्काळाने हा सारा कापूसपट्टा होरपळून काढला. त्या वर्षाची आठवण ज्या घरांत जागी होती, तिथे बारीक होणे ही कुणाची आकांक्षा असणे शक्य नव्हते. आजारातून उठलेले मूल अंगाने भरू लागले की घराला हायसे वाटे. मनाजोगती स्तुती ऐकली की अंगावर मूठभर मांस चढते, असे मराठी माणूस आजही म्हणतो. मांस चढणे ही या भाषेत आनंदाची खूण आहे.

घरच्या व्यायामाचा इतिहास या पार्श्वभूमीवर वाचावा लागतो.

दुष्काळानंतर चौदा वर्षांनी, १९१४ साली, अमरावतीत वैद्य बंधूंनी हनुमान आखाड्याची स्थापना केली. मूर्तिजापूरहून बडनेऱ्यामार्गे तिथे पोहोचणे सोपे होते. पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ म्हणून नावारूपाला आलेल्या या संस्थेत कुस्ती, मल्लखांब, लाठी, लेझीम शिकवली जाई. परतंत्र देशातील तरुण बलवान व्हावा, ही त्यामागची तळमळ होती. पण आखाडा म्हटला की हौदा, खांब, वस्ताद आणि सवंगडी आले. आजी, सून आणि नातवंडे यांना एकाच ओसरीवर करता येईल असा व्यायाम कोणता?

या प्रश्नाचे सर्वांत ठळक उत्तर वऱ्हाडापासून दूर, साताऱ्याकडील औंध संस्थानात मिळाले. भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांनी आधी युजीन सँडो या युरोपीय शरीरसौष्ठवपटूची पद्धत अनेक वर्षे आचरली होती. ती सोडून ते सूर्यनमस्काराकडे वळले आणि १९०९ मध्ये गादीवर आल्यावर त्यांनी त्याचे व्रतच घेतले. राणीसाहेब आणि मुलेही नमस्कार घालू लागली. साधन काहीही नको. सतरंजीएवढी जागा पुरे. मंत्र म्हणत, श्वासाच्या लयीत घातलेला नमस्कार मोजायचा तो संख्येने, आणि ती संख्या ज्याच्या त्याच्या दमाप्रमाणे. म्हणूनच सहा वर्षांची मुलगी आणि साठीचे आजोबा शेजारी उभे राहू शकत. (त्या काळी अनेक योगाचार्य सूर्यनमस्काराला योगासनांत गणतच नसत, तो तालमीकडचा व्यायाम मानला जाई. आजचा ‘योग’ या दोन्ही प्रवाहांतून घडला आहे.)

पंतप्रतिनिधींना निर्दोष ठरवण्याचे कारण नाही. संस्थानातील शाळांत नमस्कार सक्तीचे होते. राजाच्या हौसेला मुलांनी नाही म्हणण्याची सोय नव्हती. आहाराविषयीही त्यांची मते ठाम होती आणि ती त्यांनी लिहूनही ठेवली. मात्र त्या काळातील मुख्य चिंता दुर्बलतेची होती, लठ्ठपणाची नव्हे.

पश्चिमेकडे वारे उलटे वाहत होते. लुलू हंट पीटर्स या अमेरिकी डॉक्टर महिलेने १९१८ मध्ये कॅलरी मोजून जेवण्याचे पुस्तक लिहिले आणि ते तिकडे प्रचंड खपले. घास मोजण्याची सवय अशी घराघरांत शिरत होती.

१९३६ साली हे दोन्ही मराठी प्रवाह एकदमच युरोपात पोहोचले. अमरावतीच्या पथकाने ऑलिंपिकच्या निमित्ताने बर्लिनमध्ये भारतीय खेळ व व्यायामांची प्रात्यक्षिके केली. पंतप्रतिनिधी त्याच वर्षी इंग्लंडमध्ये होते. तिथे पत्रकार लुईझ मॉर्गन यांची त्यांच्याशी गाठ पडली. मॉर्गन यांनी संपादित केलेले त्यांचे पुस्तक १९३८ मध्ये लंडनमध्ये निघाले, तेव्हा मुख्य शीर्षकातून सूर्य मागे सरला होता. पुस्तकाचे नाव होते ‘द टेन-पॉइंट वे टू हेल्थ’, नमस्काराच्या दहा स्थितींवरून घेतलेले.

लहानपणी औंधच्या वाड्यात वडिलांना नमस्कार घालताना पाहिलेले आप्पासाहेब पंत पुढे लंडनमध्ये भारताचे उच्चायुक्त झाले. १९७० साली त्यांनीही एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्याचा विषय सूर्यनमस्कार हाच होता, आणि या वेळी सूर्य शीर्षकात परतला होता.