महाबळेश्वरचा डोंगर : क्षेत्र, पेठ आणि गिरिस्थानाचा कारभार

मावळांतील देशमुख-देशपांड्यांचीं दप्तरें उघडण्यांत आमच्या संशोधकांनीं जेवढे श्रम वेंचले, तेवढे त्या मावळांच्या माथ्यावर उभ्या असलेल्या डोंगरासाठीं वेंचले नाहींत. महाबळेश्वर म्हटलें म्हणजे एक तर तीर्थ आठवतें, नाहीं तर थंड हवा. कै. द. ब. पारसनीस यांनीं १९१६ सालीं या स्थानावर इंग्रजींत स्वतंत्र ग्रंथ लिहिला, त्यामुळें त्याच्या पूर्ववृत्ताची वाट मोकळी झाली. तथापि या डोंगरावर अंमल कोणाचा, वहिवाट कोणाची आणि कारभार कोणाचा, हे तीन प्रश्न वेगळे करून पाहिल्याशिवाय त्याचा इतिहास नीट उमगत नाहीं. प्रस्तुत लेखांत तेवढाच प्रयत्न केला आहे.

प्रथम स्थलवर्णन. सह्याद्रीच्या ऐन धारेवर, समुद्रसपाटीपासून सुमारें ४,५०० फूट उंचीचें हें पठार आहे. पश्चिमेस कडे तुटून कोंकणांत उतरतात. पूर्वेस सोंडा सावकाश उतरत वाईच्या आणि साताऱ्याच्या बाजूस जातात. वर्षाकाठीं दोनशे इंचांहून अधिक पाऊस येथें पडतो, आणि त्याचा बहुतेक भाग मृगापासून चार महिन्यांतच पडून जातो. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पांच नद्यांचें उगमस्थान म्हणून क्षेत्राची ख्याति आहे. वेण्णा माहुलीस आणि कोयना कऱ्हाडास कृष्णेला मिळून तिच्यासह पूर्वसमुद्राकडे जातात. सावित्री मात्र कडा उतरून बाणकोटास पश्चिमसमुद्र गांठते. पाण्याची वांटणी ज्या धारेवर होते, तीवर ज्याची चौकी त्याच्या हातीं देश-कोंकणचे घाट, असा हा सरळ हिशेब होता. जावळीच्या मोऱ्यांचें बळ यांत होतें, आणि शिवछत्रपतींनीं १६५६ त जावळी घेऊन लागलीच प्रतापगड बांधविला त्याचें मर्महि यांतच आहे.

आतां वहिवाट. मूळ गांव म्हणजे क्षेत्र महाबळेश्वर. पौष अमावास्येच्या सूर्यग्रहणांत, ता. ६ जानेवारी १६६५ रोजीं, महाराजांनीं मातुश्री जिजाबाई व सोनोपंत डबीर यांची सुवर्णतुला केली ती येथेंच. क्षेत्राच्या मंदिरसेवेंत लक्षांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, येथील देवाचा मान केवळ ब्राह्मणांकडे नाहीं. साताऱ्याच्या जुन्या गॅझेटियरांत नोंद आहे कीं नद्यांच्या उगमावरील उत्पन्नांत गंगापुत्र म्हणविणाऱ्या कोळी घराण्याचा आणि महादेवाच्या सेवेंत गुरवांचा वंशपरंपरेचा हक्क आहे. तीर्थाचें माहात्म्य संस्कृतांत लिहिलें जाण्यापूर्वींच हा डोंगर कोळ्या-गुरवांच्या देवाचा होता, असें अनुमान यावरून निघतें. निदान तें सहज खोडून काढतां येणार नाहीं.

कोळ्यांखेरीज डोंगरावर कुणबी, धनगर आणि धावड अशी वस्ती होती. कुणबी उतारावर झाडोरा तोडून, जाळून, राखेंत नाचणी-वरी पेरीत. या पद्धतीस कुमरी म्हणत. धनगर गुरें चारीत. धावड हे धर्मानें मुसलमान, धंद्यानें लोखंड गाळणारे. तांबड्या जांभ्या दगडांतील धातु वेंचून, कोळशाच्या भट्टींत गाळून ते लोखंड काढीत. सारांश, चौघांचेंहि पोट रानावर होतें, आणि त्यांचा हक्क कागदावर नसून वहिवाटींत होता. पुढील सर्व कथेचें मूळ या एका वाक्यांत आहे.

१८१८ त पेशवाई बुडाली. ता. २५ सप्टेंबर १८१९ च्या तहानें साताऱ्यास छत्रपति प्रतापसिंह यांचें राज्य राहिलें आणि डोंगर त्यांच्या अंमलांत आला. १८२४ त साताऱ्याचा लष्करी अधिकारी लॉडविक वर चढून गेला व त्यानें हवेची प्रशंसा केली. १८२७ पासून मुंबईचा गव्हर्नर असलेल्या सर जॉन माल्कमनें ती मनावर घेतली. १८२९ त कंपनीनें वाईकडील खंडाळा हें गांव महाराजांस देऊन मोबदल्यांत डोंगरावरची जमीन घेतली, आणि क्षेत्रापासून तीन-चार मैलांवर नवी वसाहत उठली. तिचें नांव माल्कमपेठ.

हा मोबदला दोन सत्तांमधला होता. एकीनें गांव दिलें, दुसरीनें जमीन दिली. हिशेब चुकता झाला. परंतु जमिनीवर ज्यांची गुरें चरत, भट्ट्या पेटत आणि नाचणी पिके, ते या व्यवहारांत पक्षकार नव्हते. मोऱ्यांकडून महाराजांकडे आणि पेशवाईनंतर साताऱ्याकडे अंमल गेला, तरी त्यांची वहिवाट मोडली नव्हती. या वेळीं अंमलाबरोबर जमिनीचा उपयोगच पालटला, हा भेद आहे.

नव्या पेठेचा कारभार आरंभीं सुपरिंटेंडेंट या अधिकाऱ्याकडे असे. चिनी व मलायी कैदी येथें ठेवण्यासाठीं १८३४ च्या सुमारास तुरुंग झाला, तो १८६४ पर्यंत चालला. रस्ते आणि बटाट्यादि भाजीपाल्याची बागाइती यांत या परदेशी कैद्यांच्या हाताचा मोठा वांटा आहे. वेण्णा तळें साताऱ्याचे आप्पासाहेब महाराज यांनीं १८४२ त बांधविलें. १८४८ त आप्पासाहेब निवर्तले व राज्य खालसा झालें. मग मोबदला देणारा आणि घेणारा एकच उरला. कालांतरानें पेठेस म्युनिसिपालिटी मिळाली, आणि दिवाबत्ती, पाणी, झाडलोट हीं कामें तिच्याकडे आलीं. तिकडे रानावर जंगलखात्याची हद्द पडली. १८७८ च्या कायद्यानें ती पक्की झाली. कुमरी आंखडली. सरपण महागलें तशा धावडांच्या भट्ट्या निवाल्या. ज्यांच्या पूर्वजांनीं डोंगराचें लोखंड काढलें, ते पाहुण्यांच्या चाकरींत आणि मोलमजुरींत शिरले.

स्वातंत्र्यानंतर नांवें बदललीं. तालुका पूर्वीं जावळी, कचेरी मेढ्यास. पुढें महाबळेश्वर हा स्वतंत्र तालुका झाला. पेठेची म्युनिसिपालिटी आज गिरिस्थान नगरपरिषद म्हणून १९६५ च्या महाराष्ट्र कायद्याखालीं चालते. क्षेत्राचा कारभार ग्रामपंचायतीकडे आहे. म्हणजे १८२९ त पडलेली रेघ कारभारांत अजून पुसलेली नाहीं. २०११ च्या शिरगणतींत शहराची वस्ती चौदा हजारांच्या आंत होती. वर्षाचे पाहुणे मात्र लक्षांनीं मोजावे लागतात. त्यांच्यापासून प्रवासी कर घ्यावा आणि त्यांचाच कचरा उचलावा, अशी या लहानशा संस्थेची चमत्कारिक स्थिति आहे. ता. १७ जानेवारी २००१ रोजीं केंद्र सरकारनें महाबळेश्वर-पांचगणीचा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनक्षम ठरविला. बांधकाम, वृक्षतोड, खाणकाम यांवर निर्बंध आले. डोंगर वांचवावयाचा तर ते अवश्यच होते, याविषयीं आमची शंका नाहीं. तरीपण डोंगराचा निवाडा डोंगराबाहेर होण्याची चाल १८२९ पासून चालत आली आहे, हें इतिहासकारानें सांगितलें पाहिजे.

हें सांगावयाचें तर पुरावा पाहिजे; आणि आमच्या हातीं जो आहे तो बहुतेक घेणाऱ्याच्या बाजूचा आहे. तहनामे, अहवाल, गॅझेटियर हे कागद राज्यकर्त्यांचे. वहिवाटदारांचे कागद असतील तर ते घरोघरीं असतील: कोळी-गुरवांच्या पाळ्यांचे निवाडे, क्षेत्रोपाध्यांच्या वह्या, धनगरांच्या चराईच्या पावत्या, पेठेंतील दुकानदारांचे जमाखर्च, नगरपरिषदेचीं जुनीं ठरावबुकें. जेथें पाऊस दोनशे इंचांवर पडतो तेथें कागदाचें आयुष्य तें किती! देशावरचें दप्तर वाळवीपासून राखिलें कीं पुरे. येथें दर आषाढ हाच शत्रु आहे.

म्हणून संग्राहक बंधूंस विनंती आहे कीं, पुढील उन्हाळ्यांत वर जाणें झाल्यास एखादा दिवस क्षेत्रांत आणि भोंवतालच्या वाड्यांत घालवावा. शिक्क्याचें फर्मान न मिळालें तरी खंत नको. गुरवाच्या घरची पाळीची एक फाटकी यादी त्याच्याच घरीं नकलून घेतली आणि मूळ त्याच्यापाशीं सुरक्षित राहूं दिलें, तरी डोंगराच्या इतिहासांतील एका पक्षकाराची साक्ष प्रथमच नोंदली जाईल. दोनशें वर्षांपूर्वींच्या व्यवहारांत जी जागा रिकामी राहिली, ती भरून काढण्याचें एवढेंच साधन आतां उरलें आहे.