सातपुड्याच्या दुर्गम पट्ट्यातील अस्वलाची शिकार : शिकारी, वाटाडे आणि वनकायदा (१८२५ ते १९७२)

प्रस्तावना

कुर्डुवाडीच्या परिसरात डोंगर नाही. माढा तालुक्याचा हा मुलूख माळरानाचा असून काळवीट, लांडगा आणि माळढोक हे येथील मूळ रहिवासी होत. १९७९ मध्ये घोषित झालेल्या माळढोक अभयारण्यात या तालुक्याचाही काही भाग समाविष्ट करण्यात आला होता. अस्वल मात्र येथील लोकांच्या परिचयाचे होते ते दरवेशाच्या दोरीला बांधलेले. नाकात वेसण घातलेले, काठीच्या इशाऱ्यावर नाचणारे ते जनावर गावोगाव फिरत असे आणि त्याचे केस लहान मुलांच्या ताइतात घातले जात. डोंगरकपारीत मोकळे राहणारे अस्वल आणि त्याच्या मागावर जाणारी माणसे हा विषय या मुलखापासून दूरचा वाटला, तरी त्याचा एक धागा कुर्डुवाडीतूनही जातो. तो धागा म्हणजे लोहमार्ग.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग १८५९ मध्ये पुण्याहून येथवर आला. त्या काळी हे स्थानक 'बार्शी रोड' या नावाने ओळखले जाई. याच कंपनीची दुसरी शाखा थळ घाटातून खानदेश आणि वऱ्हाड ओलांडून १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. तिने सातपुड्याचा दक्षिण पायथा मुंबईशी जोडला. पूर्वी जेथे पोहोचण्यास घोड्यावरून आणि बैलगाडीने कित्येक दिवस लागत, तेथे रजेवरचा अधिकारी बंदुका आणि तंबू घेऊन थोड्या अवधीत उतरू लागला. सातपुड्यातील शिकारीचा इतिहास या दळणवळणाच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही.

शिकारविषयक इंग्रजी ग्रंथांत वाघाला मध्यवर्ती स्थान आहे आणि इतिहासकारांचे लक्षही बहुधा वाघाच्या शिकारीकडेच राहिले आहे. अस्वलाची शिकार दुय्यम मानली गेली. तथापि आदिवासी वाटाडे आणि वसाहतकालीन शिकारी यांच्यातील संबंध समजून घ्यावयाचे असतील, तर अस्वलाची शिकार हे अधिक बोलके साधन ठरते. हा मुद्दा सातपुड्याच्या संदर्भात तपासणे आणि त्या संबंधांवर कायद्याचा कोणता परिणाम झाला हे पाहणे, हे प्रस्तुत निबंधाचे उद्दिष्ट आहे.

अस्वल : नाव आणि स्वभाव

भारतीय अस्वलाचा पाश्चात्त्य विज्ञानातील प्रवेशच गैरसमजातून झाला. १७९१ मध्ये जॉर्ज शॉ या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने लांब नख्या आणि दातांची वेगळी रचना पाहून या प्राण्याची गणना दक्षिण अमेरिकेतील 'स्लॉथ' या झाडाला लटकणाऱ्या प्राण्याच्या कुळात केली. पुढे चूक दुरुस्त झाली, परंतु इंग्रजीतील 'स्लॉथ बेअर' हे नाव कायम राहिले. प्रत्यक्षात हे अस्वल सुस्त नाही. त्याच्या वरच्या जबड्यातील मधले दोन दात नसतात. त्या फटीतून ते वारुळातील वाळवी जोराने ओढून घेते आणि तो आवाज बराच दूरवर ऐकू जातो. वाळवी, मुंग्या, मध, बोरे, जांभळे, टेंभुर्णीची फळे, बहाव्याच्या शेंगा आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीस गळणारी मोहाची फुले हा त्याचा आहार होय.

शिकारीच्या दृष्टीने त्याच्या आणखी तीन गोष्टी महत्त्वाच्या ठरल्या. पहिली म्हणजे त्याचे नाक अतिशय तीक्ष्ण असले, तरी नजर अधू असते आणि खाण्यात गुंतले असता त्याचे आवाजाकडेही लक्ष नसते. त्यामुळे माणूस व अस्वल अगदी जवळ येईपर्यंत एकमेकांचा पत्ता लागत नाही. दुसरी, अशा अचानक गाठीत ते पळण्याऐवजी पुष्कळदा अंगावर येते आणि त्याचा रोख चेहऱ्यावर व डोक्यावर असतो. तिसरी, दिवसा ते कड्याखालच्या गुहांत किंवा मोठ्या शिळांच्या सांदीत पडून राहते आणि रात्री चरावयास बाहेर पडते. शिकारीची पद्धत, तिची दुर्गमता आणि तिच्यातील धोका या तीन गोष्टींतून ठरला.

खानदेशातील प्रारंभ : आउट्रम आणि भिल्ल पलटण

पेशवाईच्या अखेरीनंतर खानदेश कंपनी सरकारच्या ताब्यात आला, तेव्हा सातपुडा व अजिंठ्याच्या डोंगरातील भिल्लांनी नव्या सत्तेला दीर्घकाळ दाद दिली नाही. लष्करी मोहिमांना पुरेसे यश येत नाही हे दिसल्यावर मुंबईचा गव्हर्नर माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन याच्या कारकिर्दीत १८२५ मध्ये भिल्लांचीच पलटण उभारण्याचे धोरण स्वीकारण्यात आले. हे काम जेम्स आउट्रम या तरुण अधिकाऱ्याकडे आले. धरणगाव हे त्याचे ठाणे होते.

आउट्रमने भिल्लांचा विश्वास संपादन करण्यासाठी शिकारीचा मोठा उपयोग केला. १८२५ ते १८३४ या दहा वर्षांत त्याच्या नावावर १९१ वाघ, १५ बिबटे, २५ अस्वले आणि १२ रानरेडे नोंदले गेले. वाघांच्या तुलनेत अस्वलांचा आकडा लहान दिसतो. त्यावरून डोंगरात अस्वले कमी होती असा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. शिकारीची मोजदाद प्रतिष्ठेच्या क्रमाने होत असे आणि त्या क्रमात वाघ सर्वांत वर होता.

या आकड्यांमागचा राजकीय अर्थ अधिक महत्त्वाचा आहे. ज्यांना बंडखोर म्हणून डोंगरात हुडकले जात होते, त्यांचेच डोंगराचे ज्ञान शिकारीत कामी येऊ लागले. माग काढणे, पाणवठे ओळखणे, वाऱ्याची दिशा पाहून चालणे ही कौशल्ये पलटणीच्या कामालाही तितकीच उपयोगी होती. शिकार आणि डोंगरी मुलखावरील नियंत्रण या दोन गोष्टी येथे एकमेकींत मिसळलेल्या दिसतात.

फोर्सिथ आणि मध्य प्रांत

१८६१ मध्ये मध्य प्रांताची स्थापना झाली. पुढच्याच वर्षी कॅप्टन जेम्स फोर्सिथ हा अधिकारी पचमढीच्या पठारावर पोहोचला आणि तेथे त्याने 'बायसन लॉज' ही वास्तू उभारली. 'द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया' हा त्याचा ग्रंथ १८७१ मध्ये, त्याच्या मृत्यूच्याच वर्षी, प्रसिद्ध झाला. सातपुड्यातील वने, गोंड व कोरकू समाज, त्यांची फिरती शेती, मोहाचे त्यांच्या जीवनातील स्थान आणि शिकार या सर्वांचे वर्णन एकाच ग्रंथात आल्याने इतिहासाच्या अभ्यासकांना तो आजही उपयुक्त वाटतो.

फोर्सिथला बंदुकांचे शास्त्रीय ज्ञानही होते. शिकारी रायफलींवरील त्याचे स्वतंत्र पुस्तक १८६३ मध्ये निघाले होते. तो काळ तोंडातून दारू ठासावयाच्या बंदुकांकडून मागून काडतूस भरावयाच्या बंदुकांकडे जाण्याचा होता. ठासणीच्या बंदुकीने एक-दोन बार झाल्यावर शिकारी जवळजवळ निःशस्त्र होई. जखमी अस्वल तीस-चाळीस पावलांवर असताना पुन्हा बंदूक भरणे शक्य नसे. अशा वेळी दुसरी भरलेली बंदूक हातात देणारा माणूस जागेवर उभा राहतो की नाही, यावर साहेबाचा जीव अवलंबून असे. हा माणूस बहुधा स्थानिक असे.

शिकारीची रीत आणि परावलंबन

वाघाच्या शिकारीत हत्ती, मचाण आणि बांधलेला रेडा ही तीन साधने शिकाऱ्याला जमिनीपासून आणि संकटापासून दूर ठेवीत. अस्वलाच्या शिकारीत यांपैकी एकही पुरेसे चालत नसे. अस्वल जनावर मारून त्यावर परत येत नाही, म्हणून आमिषाचा उपयोग नाही. त्याचे घर खड्या उताराच्या, सुट्या शिळांच्या जागी असते आणि तेथे हत्ती चढू शकत नाही. काही ठिकाणी हाका करून अस्वले उठविली जात, परंतु एरवी शिकाऱ्याला पायीच जावे लागे.

सर्वमान्य रीत अशी होती. उकरलेली वारुळे, झाडाच्या खोडावरील नख्यांचे ओरखडे, विष्ठेतील फळांच्या बिया आणि मोहाखालची चाल पाहून वाटाडे अस्वलाचा रोजचा फेरा निश्चित करीत. नंतर रात्रीच्या अंधारात डोंगर चढून पहाटेपूर्वी गुहेच्या वरच्या अंगास, वारा तोंडावर येईल अशा बेताने बसावे लागे. चरून परतणारे अस्वल उजाडताना गुहेकडे येई आणि तेवढ्या थोड्या वेळात नेम धरावा लागे. उताराच्या खालून गोळी झाडणे धोक्याचे मानले जाई, कारण जखमी अस्वल घरंगळत शिकाऱ्यावरच येण्याची भीती असे. दोन अस्वले बरोबर असताना एकाला गोळी लागली, तर ते शेजारच्यावरच तुटून पडते, असे निरीक्षण शिकारवर्णनांत वारंवार आढळते.

या रीतीतील प्रत्येक टप्प्यावर निर्णय वाटाड्याचा होता. कोणती गुहा वापरात आहे, कोणत्या वाटेने अंधारात चढता येईल, वारा कधी फिरेल हे नकाशात नव्हते. जखमी जनावराचा माग काढत दाट झुडपात प्रथम शिरणारा माणूसही बहुधा कुऱ्हाड हातात घेतलेला गोंड किंवा कोरकूच असे. तरीही बहुतेक वर्णनांत त्याचा उल्लेख नावाने न होता 'शिकारी' किंवा 'गोंड' असा जातिवाचक होतो. अस्वलाचे कातडे कोणाच्या दिवाणखान्यात गेले हे कळते, परंतु त्याचा माग कोणी काढला हे कळत नाही. साधनग्रंथांतील हे मौन हाच एक ऐतिहासिक पुरावा मानला पाहिजे.

१८७८ : वन आणि बंदूक

या संबंधांना कायद्याची चौकट मिळाली ती १८७८ मध्ये. या एकाच वर्षी दोन कायदे अस्तित्वात आले. भारतीय वन कायद्याने मुंबई इलाखा व मध्य प्रांतासह अनेक भागांत जंगले राखीव करण्याचा मार्ग प्रशस्त केला आणि त्यांतील चराई, लाकूडतोड व शिकार यांवर सरकारी नियंत्रण आणले. शस्त्र कायद्याने बंदूक बाळगण्यासाठी परवाना आवश्यक केला, मात्र युरोपीयांना त्यातून सूट होती. दोन्ही कायदे एकत्र वाचले असता त्यांचा परिणाम स्पष्ट होतो. ज्याला डोंगराचे ज्ञान होते, त्याचा जंगलावरील परंपरागत अधिकार संकुचित झाला आणि बंदूक त्याच्या हाती येणे कठीण झाले. ज्याच्याकडे परवाना आणि बंदूक होती, त्याला ज्ञान उसने घ्यावे लागत होते. एकच कृती साहेबाने केली तर क्रीडा आणि कोरकूने केली तर गुन्हा, असा भेद येथून रूढ झाला.

याच काळात हिंस्र प्राणी मारण्यासाठी सरकारी बक्षिसे दिली जात होती. १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत ८०,००० हून अधिक वाघ, १,५०,००० हून अधिक बिबटे आणि सुमारे २,००,००० लांडगे बक्षिसांसाठी मारले गेले, असा अंदाज इतिहासकार महेश रंगराजन यांनी मांडला आहे. वन्य प्राण्यांनी मारलेल्या माणसांच्या वार्षिक सरकारी तक्त्यांत अस्वलाचाही स्वतंत्र रकाना असे. म्हणजेच अस्वल हे शासनाच्या दृष्टीने एकाच वेळी क्रीडेचे साधन आणि उपद्रवी जनावर होते.

संरक्षणाचा काळ

स्वातंत्र्यानंतर ही दृष्टी हळूहळू बदलली. मुंबई राज्याने १९५१ मध्ये वन्य पशुपक्षी संरक्षणाचा कायदा केला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने देशभर समान चौकट आणली. १९७३ मध्ये सुरू झालेल्या व्याघ्र प्रकल्पाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत सातपुड्यातील मेळघाटचा समावेश झाला. १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यावरील शिकारीचा उरलेला मार्गही बंद केला. अस्वल आज या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असून त्याला सर्वोच्च संरक्षण आहे. दरवेशांची नाचणारी अस्वलेही २००९ च्या सुमारास रस्त्यांवरून नाहीशी झाली.

शिकार थांबली, परंतु माणूस आणि अस्वल यांची अचानक गाठ थांबली नाही. पूर्वीच्या मध्य प्रदेशात १९८९ ते १९९४ या पाच वर्षांत अस्वलांच्या हल्ल्यांत सातशेहून अधिक माणसे सापडल्याची नोंद अभ्यासकांनी केली आहे. मोहफुले आणि तेंदूपाने गोळा करण्यासाठी पहाटे जंगलात जाणारी माणसे या संकटाला विशेष सामोरी जातात. ज्या फुलांसाठी अस्वल झाडाखाली येते, त्याच फुलांसाठी माणूसही तेथे येतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करण्याचा आदिवासींचा हक्क मान्य केला, हा १८७८ च्या अन्यायाचा उशिरा झालेला परिहार होय. मात्र तो हक्क बजावताना होणाऱ्या इजेचा प्रश्न शिल्लक आहे.

वाटाड्यांच्या ज्ञानाची नोंद मराठीत घेतली गेली ती विशेषतः मारुती चितमपल्ली यांच्या लेखनातून. १९३२ मध्ये सोलापुरात जन्मलेले चितमपल्ली वनाधिकारी म्हणून विदर्भातील जंगलांत दीर्घकाळ राहिले आणि आदिवासींकडून मिळालेल्या माहितीचे ऋण त्यांनी आपल्या लेखनात मान्य केले. २००६ मध्ये सोलापूर येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२५ मध्ये सोलापुरातच त्यांचे निधन झाले. शिकारग्रंथांतील अनामिक 'शिकारी' येथे ज्ञानाचा धनी म्हणून प्रथमच ठळकपणे दिसतो.

निष्कर्ष

१. अस्वलाच्या निवासस्थानामुळे त्याची शिकार पायी आणि दुर्गम भागात करावी लागली. त्यामुळे वसाहतकालीन शिकाऱ्याचे स्थानिक वाटाड्यावरील अवलंबन वाघाच्या शिकारीपेक्षा येथे अधिक स्पष्ट दिसते.

२. खानदेशात शिकार ही करमणुकीबरोबरच भिल्ल समाजाशी राजकीय संबंध जोडण्याचे साधन होती.

३. १८७८ च्या वन व शस्त्र कायद्यांनी ज्ञान आणि अधिकार यांची फारकत केली. 'शिकारी' आणि 'चोरटा शिकारी' हा भेद कौशल्यावर नव्हे, तर परवान्यावर ठरू लागला.

४. १९७२ नंतरच्या संरक्षणाने अस्वल वाचले, ही मोलाची कामगिरी आहे. तथापि हल्ल्यांची झळ आजही मुख्यतः जंगलावर पोट असलेल्यांनाच बसते. अस्वल कोणत्या गुहेत आहे आणि कोणत्या वेळी मोहाखाली येते, हे ज्ञान एकेकाळी त्याला मारण्यासाठी वापरले गेले. तेच ज्ञान माणूस आणि अस्वल यांची गाठ टाळण्यासाठी वापरता येईल. त्यासाठी ते ज्यांचे आहे, त्यांना वनव्यवस्थापनात नावानिशी स्थान देणे आवश्यक आहे.