ओटोस्क्लेरोसिस : रिकिबीवरील शस्त्रक्रिया आणि श्रवणलाभ

ओटोस्क्लेरोसिसमध्ये मध्यकर्णातील रिकीब या चिमुकल्या हाडाच्या तळपट्टीभोवती नवे हाड वाढते. तळपट्टी जखडते आणि आवाज आंतरकर्णात नीट पोचत नाही. ज्युलियस लेम्पर्ट यांनी 1938 मध्ये रूढ केलेल्या शस्त्रक्रियेत आंतरकर्णाच्या अर्धवर्तुळाकार नलिकेला नवी खिडकी पाडत. ऐकू येऊ लागे, पण सुमारे 25 डेसिबलची तूट कायम राही. सॅम्युएल रोझेन यांनी 1952 मध्ये रिकीबच हलवून मोकळी केली. मात्र अनेकांची ती पुन्हा जखडे.

खरी कलाटणी दिली जॉन शी यांनी. 1956 मध्ये मेम्फिस येथे त्यांनी रिकीब काढून टाकली, तिच्याखालच्या आंतरकर्णाच्या खिडकीवर शिरेचा पापुद्रा घातला आणि टेफ्लॉनची कृत्रिम रिकीब बसवली. आज तळपट्टी बहुधा जागीच ठेवतात. तिला ड्रिल किंवा लेसरने मिलिमीटरहूनही लहान छिद्र पाडून त्यात कृत्रिम रिकिबीचा पिस्टन सोडतात आणि त्याचा आकडा ऐरण या शेजारच्या हाडाच्या लांब दांड्याला अडकवतात.

अनुभवी हातांत रिकीब काढणे व तळपट्टीला छिद्र पाडणे या दोन्ही पद्धतींनी दहांपैकी सुमारे नऊ रुग्णांत वायुवहन (हवेतून ऐकणे) व अस्थिवहन (हाडातून ऐकणे) यांतील फरक 10 डेसिबलच्या आत येतो. उच्च स्वरांत, विशेषतः 4,000 हर्ट्झला, छिद्रपद्धती सरस ठरते. व्यंजने स्पष्ट ऐकू येण्यासाठी हे मोलाचे. लेसर व ड्रिल यांच्या श्रवणलाभात मोठा फरक आढळत नाही. फेरशस्त्रक्रियेचे यश कमी असते. सुमारे 1 टक्का रुग्णांचा तो कान कायमचा बहिरा होतो. म्हणून अधिक बिघडलेल्या कानावर आधी शस्त्रक्रिया करतात.