नगररक्षण की नागरिकरक्षण?

युद्ध म्हणजे शिपायांनी शिपायांशी, गावाबाहेरच्या मैदानात खेळायची गोष्ट, ही जुनी समजूत विसाव्या शतकाने मोडीत काढली. १३ जून १९१७ रोजी भर दिवसा जर्मनीच्या गोथा विमानांनी लंडनवर बाँब टाकले. त्यात १६२ माणसे मेली. पॉप्लर भागातील एका शाळेची १८ मुले त्यांत होती. रणांगण घरी चालून आले होते. आकाशातून येणाऱ्या मृत्यूपासून शहर राखायचे कसे, हा प्रश्न तेव्हापासून राज्यकर्त्यांपुढे उभा आहे. पण त्याच्या पोटात दुसरा, अधिक अवघड प्रश्न दडलेला आहे, असे आम्हांस वाटते. राखायचे ते काय? शहर, की शहरातली माणसे?

दुसऱ्या महायुद्धापूर्वी ब्रिटिश सरकारला बाँबइतकेच भय आपल्या प्रजेचे वाटत होते. साठ दिवसांच्या हल्ल्यात सहा लाख माणसे मरतील, असा अंदाज १९३७ साली सरकारी समितीने केला. वेड्यांची संख्या जखमींहून मोठी असेल, असे मानसतज्ज्ञ सांगत होते. माणसे एकत्र जमली की घाबरतील आणि खोल भुयारात शिरली की पुन्हा कामावर येणार नाहीत, या समजुतीने सरकारने खोल आश्रयस्थाने बांधण्याचे नाकारले. त्याऐवजी घरोघर विषारी वायूचे मुखवटे वाटले आणि परसात पुरायचे नालीदार पत्र्याचे आडोसे दिले. या आडोशांना नाव मिळाले ते सर जॉन अँडरसन यांचे. हे गृहस्थ १९३२ ते १९३७ बंगालचे गव्हर्नर होते. योजना वाईट नव्हती. परंतु तीत एक गोष्ट राहून गेली होती. लंडनच्या पूर्व भागातील गोदी-कामगारांच्या दाट वस्तीत परस होते किती जणांना?

७ सप्टेंबर १९४० रोजी हल्ले सुरू झाले, आणि पुढे सुमारे आठ आठवडे जवळजवळ रोज रात्री होत राहिले. तेव्हा लोकांनी आपला मार्ग आपणच शोधला. भुयारी रेल्वेच्या स्थानकांत आश्रय घ्यायला मनाई होती. माणसांनी स्वस्तातले तिकीट काढले, अंथरुणे-पांघरुणे बगलेत मारली आणि ती खाली उतरली, ती सकाळपर्यंत वर आलीच नाहीत. सरकारला नमते घ्यावे लागले. सप्टेंबरअखेरीस एका रात्री तेथे सुमारे १,७७,००० माणसे झोपली होती. मग निजण्यासाठी फळ्या आल्या, शौचकूप आले, चहा आला. भाकीत केलेल्या वेड्यांची झुंबड इस्पितळांत कधी लोटलीच नाही. सकाळी ही माणसे उठून कामावर जात होती.

या धैर्याचे गोडवे पुष्कळ गायिले गेले आहेत. त्यात आम्ही भर घालीत नाही. कारण नुसत्या धैर्याने कोणी वाचत नाही. २९ डिसेंबर १९४० ही रविवारची रात्र होती. लंडनच्या व्यापारी पेठेत कचेऱ्यांना आणि वखारींना कुलपे होती. छपरावर पडलेला लहानसा आगलावा बाँब वेळीच वाळू टाकून विझविता येतो. पण कुलपाआड तो विझविणार कोण? पेठ जळाली. त्यानंतर इमारतींवर पहारेकरी नेमण्याची सक्ती झाली. ३ मार्च १९४३ रोजी बेथनल ग्रीन स्थानकाच्या जिन्यावर चेंगरून १७३ माणसे मेली. त्या रात्री तेथे एकही बाँब पडला नव्हता. जिना अंधारा होता आणि मधोमध कठडा नव्हता. तेथील प्रवेशद्वार धोक्याचे आहे, असे स्थानिक मंडळाने आधीच कळविले होते. खर्चाला मंजुरी मिळाली नव्हती.

आता पूर्वेकडे पाहू. जपाननेही नागरी संरक्षणाची तयारी केली होती. शेजारपाजारच्या घरांचे संघ बांधून बायामाणसांना बादल्यांची रांग लावायला शिकविले होते. पण १९४१ साली सुधारलेल्या कायद्याने सरकारला शहर सोडण्यास मनाई करण्याचा अधिकार मिळाला, आणि आग विझविणे हे रहिवाशाचे कर्तव्य ठरले. ९ मार्च १९४५ च्या रात्री अमेरिकेच्या सुमारे २८० विमानांनी टोकियोवर आगीचा वर्षाव केला. बादलीभर पाण्याने न विझणारी ती आग होती. सुमारे एक लाख माणसे एका रात्रीत गेली. कर्तव्य म्हणून थांबलेल्या कित्येकांना पळायला वेळच उरला नाही.

दोन्ही हल्ल्यांची तुलना सरळ होणार नाही, हे आम्ही जाणतो. टोकियोसारखी आग लंडनवर कधी पडली नाही. तथापि एक भेद उरतोच. लंडनच्या लोकांनी नियम मोडला तेव्हा सरकारने नियम बदलला. टोकियोत नियम तसाच राहिला आणि माणसे जळाली.

१९६५ आणि १९७१ च्या युद्धांत आपल्या मुंबईनेही ब्लॅकआउट पाहिला. खिडक्यांना काळे कागद लावल्याचे वडीलधारी मंडळी सांगतात. १९६८ साली नागरी संरक्षणाचा कायदाही झाला. सराव म्हणून भोंगा वाजला की दिवे मालवणे हे आपले काम आहेच. पण त्याचबरोबर नगरपालिकेला चार प्रश्न विचारणे हेही आपलेच काम आहे: आसरा कोठे आहे, जिना किती रुंद आहे, किल्ली कोणाजवळ आहे, आणि ज्याच्या घराला परस नाही त्याने जायचे कोठे?