गाडी किती देते?

"किती देते?" हा प्रश्न आपल्याकडे दोघींबद्दलच विचारला जातो, एक म्हैस आणि दुसरी गाडी. म्हैस विकणारा जो आकडा सांगतो तो त्याच्या गोठ्यातला, त्याच्या वैरणीवरचा आणि ओळखीच्या हाताचा असतो. ती आपल्या दारात आली की आकडा बदलतो, हे खेड्यातल्या पोरालाही ठाऊक असते. गाडीच्या बाबतीत मात्र चांगली शिकलेली माणसेसुद्धा छापील आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतात. हा आकडा आला कुठून, आणि अलीकडच्या छोट्या टर्बो गाड्यांच्या बाबतीत तो रस्त्यावर इतका का घसरतो, याचा थोडा इतिहास आज सांगणार आहे. मी काही यंत्रातला जाणकार नाही. इतिहास शिकवण्यात हयात गेली, त्यामुळे ज्याला त्याला 'हे असे कधीपासून झाले?' म्हणून विचारायची खोड आहे, एवढेच.

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचे रेशनिंग झाले तेव्हा मोटारींना कोळशाची भट्टी जोडून तिच्यातून निघणाऱ्या वायूवर गाड्या चालवल्या जात. तेव्हा किती देते यापेक्षा चालते का हाच प्रश्न होता. पुढे १ जून १९४८ रोजी पुणे आणि तेव्हाचे अहमदनगर यांच्यामध्ये पहिली एसटी धावली. इंधनाचा खरा हिशेब सामान्य माणसाच्या कानावर आला तो या एसटीमुळे. एसटीत तो 'के.पी.टी.एल.' या नावाने चालतो, म्हणजे दहा लिटरला किती किलोमीटर. अवजड बसचा लिटरमागचा आकडा लहान असतो, त्यामुळे दहा लिटरचा हिशेब धरला की थोडा फरकही चटकन दिसतो. टाकी आगारात भरायची, गाडी मार्गावर जाऊन यायची, पुन्हा भरायची. घाटातल्या गाडीचा आकडा वेगळा, सपाटीवरचा वेगळा, आणि त्याच मार्गावर दोन चालकांचाही वेगळा. म्हणजे हा आकडा नुसता गाडीचा नव्हता. तो गाडी, रस्ता, ओझे आणि चालकाचा पाय या चौघांचा मिळून होता.

खाजगी मोटारवाले लोक तेव्हा मोजकेच. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली फियाट, जिला पुढे पद्मिनी म्हणू लागले, ती १०८९ सीसीची. गाडी मिळायलाच वर्षानुवर्षे थांबावे लागे, तिथे अ‍ॅव्हरेज कोण विचारतो! पण ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटले आणि काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव जवळपास चौपट झाला. मग मात्र पेट्रोल वाचवण्याच्या नाना युक्त्या सुरू झाल्या. घाट उतरताना इंजिन बंद करून गाडी नुसती सोडून देणे ही त्यातली सर्वांत घातकी.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन, आणि पद्मिनीपेक्षा वजनाने जवळपास पाव टन हलकी. मारुती 'चांगले देते' याचे मोठे रहस्य हे वजन होते. हलके ओझे ओढायला कमी बळ लागते, त्यात जादू कसली?

आता पुण्याला जाऊ. कोथरूडला वेताळ टेकडीवर एआरएआय ही संस्था आहे, १९६६ साली स्थापन झालेली. पुणेकर फिरायला जातात ती हीच 'एआरएआय टेकडी'. मोटारींच्या चाचण्या घेऊन प्रमाणपत्र देणे हे तिच्या मुख्य कामांपैकी एक. छापील अ‍ॅव्हरेजचा आकडा ज्या चाचणीतून येतो तिच्यात गाडी रस्त्यावर जातच नाही. ती रुळांवर उभी करून जागच्या जागी चालवतात. १९८० मिनिटांची नव्हे, अवघ्या ११८० सेकंदांची, म्हणजे वीस मिनिटांहूनही कमी वेळाची ही परीक्षा. पहिली ७८० सेकंदे शहरातली चाल, थांबा-निघा, वेग पन्नासच्या आत. उरलेली ४०० सेकंदे मोकळ्या रस्त्याची चाल, वेग फार तर ९०. एसी बंद. चढ नाही, वळण नाही, पुढे उसाची ट्रॉली नाही. एक्झॉस्टमधून बाहेर पडलेल्या वायूंमधला कार्बन मोजून किती इंधन जळाले ते काढतात.

यात फसवणूक नाही, हे आधी स्पष्ट सांगतो. सगळ्या गाड्यांना एकच प्रश्नपत्रिका दिली तरच त्यांची तुलना होईल, आणि तेवढ्यासाठी ही परीक्षा योग्यच आहे. पण आम्हा मास्तरांना एक गोष्ट पक्की माहीत असते. प्रश्नपत्रिका दरवर्षी तीच राहिली की मुले विषयाचा नाही, त्या प्रश्नपत्रिकेचा अभ्यास करतात.

युरोपात तेच झाले. तिथली जुनी चाचणी जवळपास अशीच होती. आयसीसीटी या संशोधन संस्थेने हजारो गाड्यांचे रस्त्यावरचे आकडे जमवले, तेव्हा असे दिसले की २००१ साली नव्या गाड्या छापील आकड्यापेक्षा सुमारे ९ टक्के जास्त इंधन खात होत्या, आणि २०१५ साली हाच फरक सुमारे ४२ टक्क्यांवर गेला. गाड्या परीक्षेत हुशार होत गेल्या! शेवटी २०१७ पासून युरोपाने नवी, जास्त वेळाची आणि जास्त वेगाची चाचणी आणली. सप्टेंबर २०१५ मध्ये उघडकीस आलेले फोक्सवॅगनचे डिझेल प्रकरण मात्र वेगळे. परीक्षा चालू आहे हे ओळखून धूर कमी करणारी संगणकीय युक्ती त्यात होती. ती सरळ सरळ कॉपी होती. मी म्हणतो ती गोष्ट कॉपीची नाही, घोकंपट्टीची आहे.

मग टर्बोचा यात काय संबंध? त्यासाठी २००६ सालच्या अर्थसंकल्पाकडे जावे लागते. चार मीटरच्या आत लांबी, आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत किंवा डिझेल १५०० सीसीपर्यंत असेल, तर त्या गाडीवरचे उत्पादनशुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्के करण्यात आले. एवढ्या एका ओळीने पुढच्या वीस वर्षांच्या गाड्यांचा आकार ठरवून टाकला. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर आले तेव्हाही रेषा तीच राहिली. तिच्या आत १८ टक्के, बाहेर ४० टक्के.

इंजिनावर अशी वेस घातली गेली, पण गाडीचे वजन मात्र वाढतच गेले. एसी आला, एअरबॅगा आल्या, जाड पत्रा आला, माणसांना उंच गाड्या हव्याशा झाल्या. इंजिन वाढवायचे नाही आणि ओझे तर वाढले, यावर तोड म्हणजे टर्बो. कल्पना जुनीच आहे. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली तिचे पेटंट घेतले होते.

ती समजायला आम्हा गुहागरकरांना लांब जायला नको. पोफळीला कोयनेचे पाणी उंचावरून पडून चक्र फिरवते. टर्बोत पाण्याऐवजी इंजिनातून बाहेर पडणारा तापलेला धूर एक चिमुकले चक्र फिरवतो, मिनिटाला लाखाच्या वर फेरे! त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबते. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त, म्हणून ताकद जास्त. आमच्या तालुक्यातल्या अंजनवेलचा वीजप्रकल्पही याच भाऊबंदकीतला. तिथे गॅस टर्बाइनमधून निघालेल्या धगीवर वाफ करून आणखी वीज काढण्याची योजना आहे. वाया जाणाऱ्या धगीकडून काम करून घ्यायचे, हे दोन्हीकडचे सूत्र.

२००७ च्या सुरुवातीला डिझेल स्विफ्ट आली, फियाटच्या १२४८ सीसीच्या टर्बो डिझेल इंजिनासह. ते इंजिन पुढे कितीतरी गाड्यांत बसले. पेट्रोलमध्ये २०१३ साली चाकणला बनणारी पोलो जीटी आली, ११९७ सीसीची. त्याच वर्षी ९९९ सीसीचे टर्बो इंजिन घेऊन इकोस्पोर्ट आली. २०१७ मध्ये रांजणगावची नेक्सॉन. एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे नियम लागू झाले आणि छोटे डिझेल परवडेनासे होऊन बहुतेक कंपन्यांनी ते बंद केले. त्याची जागा छोट्या पेट्रोल टर्बोने घेतली.

या गाडीचा स्वभाव असा की तिच्यात दोन इंजिने नांदतात. पाय हलका ठेवला तर ती एक लिटरची गरीब गाय. दाबला की पाठ सीटला टेकते आणि ती दीड लिटरच्या गाडीसारखी पळते. मग पितेही तशीच. जोर फार लागला तर इंजिन तापू नये म्हणून बऱ्याच गाड्यांत संगणक गरजेपेक्षा जास्तच पेट्रोल सोडतो. वीस मिनिटांच्या त्या परीक्षेत बहुतेक वेळ गरीब गायच हजर असते. दुसरी उठते ती कुंभार्ली घाटात.

आता थोडे गणित. चार माणसे आणि सामान धरून गाडीचे वजन १४०० किलो. चिपळूणहून कुंभार्ली चढून कोयनेच्या खोऱ्यात जायचे म्हणजे साधारण ६०० मीटर वर उचलायची. त्याला सुमारे ८२ लाख ज्यूल ऊर्जा लागते. एक लिटर पेट्रोलमध्ये ऊर्जा असते तीन कोटी ज्यूलच्या आसपास, पण इंजिन त्यातला पाव ते तिसरा हिस्साच चाकांपर्यंत पोचवते. म्हणजे नुसते उचलायलाच एक लिटर गेले! चिपळूण ते कराड नव्वदेक किलोमीटर. सपाटीवर १८ देणारी गाडी एवढ्या अंतराला पाच लिटर घेईल, त्यात हे सहावे. आकडा १५ वर आला, आणि यात कोणाचीच चूक नाही. उतरताना गिअरमध्ये ठेवून पाय काढला तर आजच्या इंजिनाचा पेट्रोलपुरवठा पूर्ण बंद होतो, न्यूट्रलमध्ये मात्र थोडे जळतच राहते. तेव्हा ती जुनी युक्ती आता धोक्याची तर आहेच, वर तोट्याचीही आहे. पण चढताना गेलेले सगळे काही उतरताना परत येत नाही. बरेचसे ब्रेक आणि इंजिनाच्या आडकाठीत जाते.

पेट्रोलही आता पूर्वीचे राहिलेले नाही. त्यात २० टक्के इथेनॉल असते, आणि इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा सुमारे एक तृतीयांशाने कमी. म्हणजे टाकीतल्या प्रत्येक लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा आधीच उणी. नव्या इंजिनांत ही तूट थोडीफार भरून काढता येते, पण पूर्ण नाही.

हे सगळे मला इतके खोलात जाऊन पाहावे लागले ते माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यामुळे. त्याने पर्यटकांना नेण्या-आणण्यासाठी कर्ज काढून अशीच एक लिटरची टर्बो घेतली. सीएनजीचा सिलिंडर डिकीत बसला की प्रवाशांच्या बॅगा कुठे ठेवायच्या, असा त्याचा व्यवहारी विचार. गाडीवर तो खूश आहे. शृंगारतळीच्या पुढच्या चढांना चार माणसे घेऊनही ती धापा टाकत नाही. फक्त अगदी कमी वेगात, वळणातून निघताना, क्षणभर थबकल्यासारखी होते, मग टर्बो जागा होतो. पण दर महिन्याला हप्त्याच्या वेळी पैसे कमी पडू लागले. "गुरुजी, पुस्तकात तर अठरा लिहिलंय," तो म्हणाला. त्याने किलोमीटरचा दर त्या अठरावर बांधला होता.

"अरे, अठरा कुठल्या रस्त्यावर, ते लिहिलंय का?" मी विचारले.

मग एसटीच्या जुन्या पद्धतीने वही घातली. टाकी गळ्यापर्यंत भरायची, किलोमीटर लिहायचे, पुन्हा त्याच पंपावर तशीच भरायची. तीन टाक्यांचे मिळून उत्तर आले चौदा. एसी चालू, गाडी भरलेली, रस्ता गुहागर-चिपळूणचा. पेट्रोल शंभर रुपये धरले तरी किलोमीटरला साडेपाचऐवजी सात रुपयांच्या वर खर्च. महिन्याला दोन हजार किलोमीटर म्हणजे तीन हजारांहून अधिक रुपयांची तूट. छापील आकडा खोटा नव्हता, पण त्यावर घर चालवायचे म्हणजे दुसऱ्याच्या गोठ्यातले दूध आपल्या हिशेबात धरण्यासारखे होते.

मला वाटते, एसटीच्या आगारातला आकडा आणि गाडीच्या माहितीपत्रकातला आकडा यांत हाच फरक आहे. पहिल्यामागे रस्ता आहे, दुसऱ्यामागे नाही. पूर्वी गाड्या साध्या होत्या, हलक्या होत्या, म्हणून दोन्ही आकडे फार लांब जात नसत. टर्बोने ते लांब नेले, कारण तिचे खाणे चालकाच्या पायावर आणि चढावर पूर्वीपेक्षा जास्त अवलंबून आहे. गाडी वाईट नाही. कोकणच्या रस्त्यांना तर ती फार सोयीची आहे. फक्त तिचे अ‍ॅव्हरेज विकत मिळत नाही, ते आपल्या रस्त्यावर आपणच मोजावे लागते.

त्या मुलाने आता चौदाच्या हिशेबाने दर लावला आहे, आणि घाटापलीकडच्या भाड्याचा वेगळा. दोन गिऱ्हाइके कुरकुरली, एक तुटले. हप्ता मात्र वेळेवर जाऊ लागला आहे.

पुण्या-मुंबईकडच्या भाच्या-पुतण्यांनी आणि इथल्या ब्लॉगवाल्या मित्रांनी आपापल्या गाडीचे आकडे जरूर कळवावेत. फक्त आकडा कळवाल तेव्हा रस्ताही कळवा.